फितीवरचे अंक संगणकात नेताना

स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, क्षेत्रभेट, एखाद्या शिक्षकांचा निवृत्तीपूर्वीचा शेवटचा तास, घरातले लग्न, आजीने सांगितलेली गोष्ट – अशा प्रसंगांचे चित्रण असलेल्या छोट्या कॅसेट अनेक शाळांच्या आणि घरांच्या कपाटांत आजही पडून आहेत. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, ‘मिनी डीव्ही’ अशी अक्षरे असलेली ही कॅसेट आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळली असेल. यांतील काही कॅसेटमध्ये साध्या दूरदर्शन संचाच्या दर्जाचे चित्र आहे, तर काहींमध्ये ‘हाय डेफिनिशन’ म्हणजे उच्च स्पष्टतेचे चित्र आहे. कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी २००३ साली ‘एचडीव्ही’ नावाची एक पद्धत ठरवली. त्यानंतर काही वर्षे त्याच छोट्या कॅसेटवर उच्च स्पष्टतेचे चित्रण करणारे कॅमेरे घरगुती वापरासाठी मिळत होते. आता फितीचे नवे कॅमेरे बाजारात येत नाहीत. जुने आहेत तेही एकेक करून बंद पडत आहेत. म्हणूनच हे चित्रण संगणकात नेऊन ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. कॅमेरा सुरू करायचा, एक तार संगणकाला जोडायची, आणि दिसेल ते साठवायचे! पण या वाटेने गेल्यास बहुतेक वेळा चित्राचा मोठा भाग हरवतो, आणि हरवला हे कळतही नाही. साध्या चित्राची एक चौकट ७२० × ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख बिंदूंची असते. एचडीव्हीची चौकट १४४० × १०८०, म्हणजे साडेपंधरा लाखांहून अधिक बिंदूंची असते. चुकीची तार जोडली, किंवा कॅमेऱ्यातील एक खूण चुकीची राहिली, तर दर चार बिंदूंतले जवळजवळ तीन बिंदू वाटेत गळून पडतात.

हे टाळायचे असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. या फितीवर चित्र नसते, अंक असतात. आपले काम चित्र पुन्हा टिपण्याचे नाही, तर ते अंक जसेच्या तसे उचलून संगणकात ठेवण्याचे आहे. बाकी सगळे तपशील या एका वाक्यातून निघतात. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

फितीवर नेमके काय असते?

कॅसेटमधील फीत सुमारे ६.३५ मिलिमीटर रुंद असते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा अतिशय पातळ चुंबकीय थर दिलेला असतो. कॅमेऱ्यात ही फीत सेकंदाला जेमतेम १९ मिलिमीटर पुढे सरकते. त्यामुळे तासाभराच्या चित्रणाला सुमारे ६८ मीटर फीत पुरते. पण इतक्या मंद सरकणाऱ्या फितीवर सेकंदाला कोट्यवधी अंक लिहायचे कसे?

यासाठी अभियंत्यांनी एक छान युक्ती वापरली आहे. फीत एका छोट्या तिरप्या दंडगोलाला वळसा घालून जाते. या दंडगोलावर लेखन-वाचन करणारी दोन टोके बसवलेली असतात आणि तो मिनिटाला ९००० फेरे घेतो. मिनिटाला ९०००, म्हणजे सेकंदाला १५० फेरे. दोन टोके धरून सेकंदाला ३०० तिरप्या रेघा फितीवर ओढल्या जातात. प्रत्येक रेघ सुमारे १० मायक्रोमीटर रुंद असते. माणसाचा केस ७० मायक्रोमीटर जाड धरला, तर एका केसाच्या जाडीत अशा सात रेघा बसतील! फीत स्वतः हळू सरकत असली, तरी फिरत्या टोकाचा तिच्यासापेक्ष वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो.

हे मापन एवढ्यासाठी दिले की, धुळीचा एक कण किंवा बुरशीचा एक ठिपका अशा फितीवर काय करू शकेल याची कल्पना यावी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत न उघडलेल्या कपाटात कॅसेट वर्षानुवर्षे राहते, तेव्हा तिला धोका असतो तो याच मायक्रोमीटरच्या जगात.

एवढे अंक मावतात कसे?

थोडा हिशेब करू. उच्च स्पष्टतेच्या पूर्ण चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगायला २४ बिट लागतात असे धरू. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. या तिन्हींचा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एका तासाला ५६० गिगाबाइट! एचडीव्हीच्या फितीवर मात्र चित्रासाठी सेकंदाला फक्त अडीच कोटी बिटांची, म्हणजे २५ मेगाबिटांची जागा आहे. पन्नासपट माल एका पोत्यात भरायचा आहे.

हे तीन पायऱ्यांनी साधले जाते. पहिली पायरी म्हणजे आडवे बिंदू १९२० ऐवजी १४४० च ठेवायचे आणि दाखवताना चित्र ताणून रुंद करायचे. दुसरी पायरी आपल्या डोळ्याच्या स्वभावावर आधारलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो. रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूचा उजेड नोंदवतात, पण रंग मात्र चार बिंदूंमागे एकदाच नोंदवतात. एवढ्यानेच १२४ कोटींचे सुमारे ४७ कोटी होतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. लागोपाठच्या दोन चौकटींमध्ये बहुतेक भाग सारखाच असतो. भाषण करणारी मुलगी हात हलवते, पण मागची भिंत जागची हलत नाही. मग भिंत पुन्हा पुन्हा का लिहायची? म्हणून एक चौकट पूर्ण लिहायची आणि पुढच्या काही चौकटींसाठी फक्त ‘काय बदलले’ एवढेच लिहायचे. एमपेग-२ नावाच्या या पद्धतीत, आपल्याकडील एचडीव्ही कॅमेऱ्यात साधारणपणे दर १२ चौकटींमागे एक पूर्ण चौकट असते. मधल्या चौकटी शेजारच्या चौकटींच्या आधाराने उभ्या असतात.

हे वर्गात करून पाहता येईल. आठ विद्यार्थ्यांना १० × १० चौकोनांचा कागद द्या. पहिल्याने डाव्या बाजूला पहिल्या व दुसऱ्या उभ्या ओळीत मिळून चार चौकोनांचा एक काळा ठोकळा रंगवावा. प्रत्येक पुढच्या कागदावर हा ठोकळा एक घर उजवीकडे सरकलेला असेल. आठही चित्रे पूर्ण लिहून सांगायची, तर ८०० चौकोनांची नोंद करावी लागेल. पण पहिले चित्र पूर्ण आणि पुढची सात फक्त फरकाने सांगायची, तर प्रत्येक वेळी दोन चौकोन पुसायचे आणि दोन रंगवायचे, म्हणजे चारच नोंदी. एकूण १०० अधिक २८, म्हणजे १२८ नोंदींत काम झाले.

आता तिसऱ्या विद्यार्थ्याची फरकाची चिठ्ठी फाडून टाका आणि दुसऱ्या गटाला उरलेल्या चिठ्ठ्यांवरून चित्रे काढायला सांगा. दुसऱ्या उभ्या ओळीतले दोन काळे चौकोन पुसायचे राहून जातील आणि ते शेवटपर्यंत तसेच चिकटून बसतील. चिठ्ठी एकच हरवली, पण तिच्या नंतरची सगळी चित्रे बिघडली. नवे पूर्ण चित्र येईल तेव्हाच पाटी कोरी होईल. जुन्या एचडीव्ही फितीवर चित्र मध्येच चौकोनांत तुटते आणि सुमारे अर्ध्या सेकंदाने एकदम सावरते, ते याच कारणाने. बारा चौकटी म्हणजे जवळपास अर्धा सेकंदच!

सूचना न देणारा बिघाड

फितीवरचे काही अंक वाचता आले नाहीत तर काय होते? यासाठी मूळ अंकांबरोबर काही जादा अंकही लिहिलेले असतात. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीने हे अंक काढतात. एखादा आकडा पुसला गेला तरी बेरजेवरून तो शोधता येतो, तसाच हा प्रकार, फक्त त्याहून कितीतरी समर्थ. त्यामुळे फितीवर थोडे ओरखडे असले तरी वाचलेले अंक अगदी मूळचेच मिळतात आणि चित्रात काहीही उणे दिसत नाही.

पण या गुणाची दुसरी बाजू समजून घेतली पाहिजे. जुन्या व्हीएचएस कॅसेटचे चित्र हळूहळू फिके होई, त्यावर पांढरे ठिपके येत, आणि मालकाला कळत असे की ही कॅसेट आता थकली. अंकीय फीत असे काही सांगत नाही. जादा अंकांची ताकद पुरते तोवर चित्र नवेकोरे दिसते. ती ताकद संपली की एकदम कड्यावरून पडल्यासारखे कोसळते. म्हणजे ‘गेल्या दिवाळीत लावून पाहिली होती, उत्तम चालली’ याचा अर्थ ‘पुढच्या दिवाळीलाही चालेल’ असा होत नाही. ती आज कड्यापासून किती दूर आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. हे काम पुढे ढकलू नये, याचे खरे कारण हेच आहे.

नळ आणि हंडा

आता अंक तारेतून कसे जातात ते पाहू. फितीच्या कॅमेऱ्यांना एक छोटे चौकोनी छिद्र असते. त्यावर ‘आय-लिंक’, ‘डीव्ही’ किंवा ‘एचडीव्ही/डीव्ही’ असे लिहिलेले असते. ही १९९५ साली आयईईई १३९४ या क्रमांकाने प्रमाणित झालेली जोडणी. तिचे प्रचलित नाव फायरवायर.

नळाला ठरावीक वेळी पाणी येते. त्या वेळी हंडा खाली लावून बसावे लागते. हंडा बाजूला झाला तर नळ थांबत नाही. तेवढे पाणी वाहून जाते. फितीचे तसेच आहे. दंडगोल फिरत असतो, फीत सरकत असते, आणि अंक ठरलेल्या गतीने येतच राहतात. म्हणून फायरवायरमध्ये वेळेचे आरक्षण असते. सेकंदाचे ८००० समान तास पाडलेले असतात आणि प्रत्येक तासात चित्राच्या अंकांसाठी जागा राखून ठेवलेली असते. शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास ठरलेला असावा तसे. दुसरे कोणी मध्ये घुसू शकत नाही. पण चुकलेला तास पुन्हा घेतलाही जात नाही. संगणक त्या क्षणी दुसऱ्या कामात गुंतला असेल, तर तेवढे अंक कायमचे निसटतात.

यावरून एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘ही तार सेकंदाला ४०० मेगाबिट वाहते आणि फितीवर तर २५ च आहेत, मग तासाची कॅसेट चार मिनिटांत का उतरत नाही?’ कारण पाइप कितीही मोठा असला, तरी तोटीतून येणारी धार तेवढीच आहे. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. शाळेच्या चाळीस कॅसेट असतील, तर चाळीस तास धरून चालावे.

दुसरा प्रश्न यूएसबीचा. फितीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना यूएसबीचेही छिद्र असते. पण त्यातून सहसा स्थिरचित्रे किंवा कमी दर्जाचे चित्रच बाहेर पडते. बाजारात एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेले स्वस्त जोड मिळतात. ते घेऊन उपयोग नाही. दोन्हींची बोलण्याची रीतच वेगळी आहे, आणि नुसती खुंटी बदलून भाषा बदलत नाही. फायरवायरची सोय मुळातच असलेला एखादा जुना पण धडधाकट संगणक शोधावा, किंवा टेबलावरच्या संगणकात फायरवायरचे कार्ड बसवून घ्यावे. नव्या संगणकांवर ही सोय दुर्मीळ झाली आहे. ॲपलने तर २०२५ साली आलेल्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढून टाकला. लिनक्स प्रणालीत तो अजून आहे. फीत टिकली, कॅमेराही टिकला, पण दोघांचे बोलणे समजणारा संगणकच उरला नाही, अशी वेळ येऊ शकते.

तीन फसव्या वाटा

पहिली वाट पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांची. या तारांतून अंक जात नाहीत; त्यांचे आधी विजेच्या चढउतारांत रूपांतर होते, तेही साध्या स्पष्टतेच्या चित्राच्या. मग दुसऱ्या टोकाला एक डबी त्या चढउतारांचे पुन्हा अंक करते. छापील पुस्तक कोणाकडून मोठ्याने वाचून घेऊन दुसऱ्याने ते लिहून काढावे, तसा हा प्रकार आहे. मजकूर साधारण तोच राहील, पण पुस्तक ते नव्हे.

दुसरी वाट एचडीएमआय तारेची. येथे स्पष्टता टिकते. पण कॅमेरा अंक उलगडून पूर्ण चित्र बनवतो, आणि डबी त्या चित्राचा पुन्हा संक्षेप करते. छायाप्रतीची छायाप्रत काढावी तसा थोडा दर्जा जातोच. शिवाय मूळ अंकांसोबत असलेली चित्रणाची तारीख आणि वेळही हरवते. फायरवायरचे छिद्र निकामी झाले असेल तरच ही वाट धरावी.

तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण ती बरोबर वाटेसारखीच दिसते. फायरवायर जोडलेली असते, कॅसेटही एचडीव्हीची असते, पण कॅमेऱ्याच्या यादीत आय-लिंकमधून जाताना एचडीव्हीचे डीव्हीत रूपांतर करण्याची सोय चालू असते. जुन्या संगणकांना झेपावे म्हणून ती दिलेली होती. ती चालू राहिली तर कॅमेरा वाटेतच चित्र लहान करून पाठवतो. म्हणून पहिली पाच मिनिटे उतरवून थांबावे आणि फाइलचे गुणधर्म पाहावेत. आकार १४४० × १०८० असेल तर ठीक. ७२० × ५७६ दिसला तर कॅमेऱ्याची यादी पुन्हा तपासावी. कॅसेट मुळातच साध्या डीव्हीची असेल, तर मात्र ७२० × ५७६ हेच बरोबर उत्तर आहे. काही कॅसेटवर दोन्ही प्रकार एकामागून एक असतात. तेथे सांध्याशी नोंदणी थांबते. पुढचा भाग वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष काम

सर्वप्रथम कॅसेटच्या कडेची छोटी सरकपट्टी ‘सेव्ह’ या बाजूला सरकवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे चित्रण होणार नाही. बराच काळ पडून असलेली फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. तिचा ताण सारखा होतो. कॅमेरा थंड खोलीतून दमट हवेत आणला असेल तर तासभर तसाच ठेवावा; आत दव धरले असेल तर फीत दंडगोलाला चिकटू शकते. शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले त्यानेच फीत वाचावी. दहा मायक्रोमीटरच्या रेघेवर नेमके चालण्यात दोन कॅमेऱ्यांमध्ये थोडा फरक असू शकतो.

तार जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. संगणकाकडची सहा पायांची खुंटी वीजही वाहते, आणि ती उलटी दाबून बसवल्यास कॅमेऱ्याचे छिद्र कायमचे जळू शकते. उतरवणे चालू असताना संगणकावर दुसरे काम करू नये. आपला हंडा नळाखालीच राहिला पाहिजे.

या कामासाठी मोफत प्रणाली उपलब्ध आहेत. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आणि विंडोजवर एचडीव्हीस्प्लिट या दोन्ही अंकांना हात न लावता ते फाइलमध्ये भरतात. ‘उतरवताना सोयीच्या प्रकारात बदलून देतो’ असे सांगणारी प्रणाली असेल, तर ती सोय बंद करावी. तासाच्या कॅसेटची फाइल सुमारे १२ गिगाबाइटची होईल. चाळीस कॅसेटला ४८० गिगाबाइट लागतील. म्हणजे एका टेराबाइटच्या तबकडीत त्या सहज मावतील.

या फाइलची रचनाही पाहण्यासारखी आहे. सगळे अंक १८८ बाइटांच्या छोट्या पाकिटांत भरलेले असतात. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ७१ हा ठरलेला अंक असतो. त्यावरून पाकीट कोठे सुरू झाले ते कळते. पुढे ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. हजेरी घेताना सातनंतर एकदम नऊ आला तर आठ गैरहजर, हे शिक्षकांना सांगायला नको. याच रीतीने प्रणालीला हरवलेली पाकिटे ओळखता येतात. जेथे गळती दिसेल तो भाग पुन्हा एकदा उतरवावा. दुसऱ्या खेपेला टोक त्याच जागी अडखळेलच असे नाही, आणि दोन खेपांतून एक पूर्ण प्रत जुळवता येते.

कार्डावरचे कॅमेरे

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली ‘एव्हीसीएचडी’ ही पद्धत आणली. तिच्यात चित्रण फितीऐवजी मेमरी कार्ड, तबकडी अशा साधनांवर होऊ लागले. येथे नळ नाही. पाणी आधीच हंड्यात भरलेले आहे. ते हवे तेव्हा, हव्या त्या वेगाने ओतून घेता येते, आणि काही सांडले तर पुन्हा मागताही येते. सेकंदाला २० मेगाबाइट वेगाने १२ गिगाबाइट दहा मिनिटांत येतात. फायरवायर नको, नेहमीचे यूएसबी पुरते.

पण येथेही एक खाच आहे. कार्डावर फाइलचा आकार मर्यादित असतो. बऱ्याच कार्डांवर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत फाइलची लांबी ३२ बिटांत लिहितात, म्हणून कोणतीही फाइल २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइटांपर्यंतही पोचू शकत नाही. सेकंदाला २४ मेगाबिट धरले तर सुमारे चोवीस मिनिटांत ही मर्यादा येते आणि कॅमेरा गुपचूप नवी फाइल सुरू करतो. कोणता तुकडा कोणाला जोडायचा, याची नोंद शेजारच्या छोट्या फाइलींमध्ये असते. ‘स्ट्रीम’ कप्प्यातल्या मोठ्या फाइली तेवढ्या उचलल्या आणि बाकीचे कार्ड पुसून टाकले, तर नाटकाच्या ऐन रंगात सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो. म्हणून निवड करत बसू नये. कार्डावरचा सगळा कप्पा जसाच्या तसा घ्यावा.

ताळा पाहणे

प्रत झाली, ती बरोबर आहे हे कसे ठरवायचे? जुन्या अंकगणितात गुणाकाराचा ताळा नवाने पाहत असत. ४७ × २३ = १०८१. ४७ च्या अंकांची बेरीज ११, पुन्हा बेरीज २; २३ ची ५. दोन पाचे दहा, म्हणजे १. उत्तराच्या अंकांची बेरीज १०, म्हणजे १. ताळा जुळला. मोठ्या संख्येऐवजी तिच्यातून काढलेला एक छोटा अंक तपासायचा, ही त्यामागची कल्पना. पण कोणी १०८१ ऐवजी १८०१ लिहिले तरी हा ताळा जुळतो. अदलाबदल त्याला कळत नाही.

संगणकासाठी याहून फार कडक ताळे तयार केलेले आहेत. ‘शा-२५६’ हा त्यांतला एक. फाइल कितीही मोठी असो, तिच्यापासून २५६ बिटांचा ताळा मिळतो. बारा गिगाबाइटमधला एक बिट जरी बदलला तरी ताळा पार वेगळा येतो. फाइल तयार होताच तिचा ताळा काढून एका साध्या यादीत लिहावा. पुढे प्रत करताना, आणि वर्षातून एकदा, तो पुन्हा काढून पडताळावा. उच्च माध्यमिक वर्गाला देण्याजोगे हे काम आहे.

पाहण्याची प्रत वेगळी

उतरवलेली फाइल संगणकावर लावली की दोन गोष्टी खटकू शकतात. माणसे उभट, हडकुळी दिसतात. कारण १४४० बिंदू ताणून १९२० च्या रुंदीत बसवायचे आहेत, हे दाखवणाऱ्या प्रणालीला कळलेले नसते. आणि धावणाऱ्या मुलांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे नसून ५० अर्धी चित्रे असतात. एकदा विषम रेघा, एकदा सम रेघा. दोन अर्ध्या चित्रांमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते आणि तेवढ्यात मूल पुढे गेलेले असते. संगणक दोन्ही एकाच वेळी दाखवतो, म्हणून दात दिसतात. हे दोष नाहीत. मूळ चित्रणाची ही रीतच आहे.

म्हणून आम्ही असे सुचवू की, मूळ फाइल कधी सुधारायला जाऊ नये. वर्गात किंवा फोनवर दाखवण्यासाठी ताणलेली, दात काढलेली, आकाराने लहान अशी वेगळी प्रत करावी. ती बिघडली किंवा दहा वर्षांनी तिचा प्रकार जुना झाला, तर मुळावरून नवी करता येईल. लहान प्रतीवरून मूळ मात्र परत मिळत नाही.

मूळ फाइलच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या तबकड्यांवर ठेवाव्यात, आणि शक्यतो तिसरी वेगळ्या इमारतीत. फाइलला ‘स्नेहसंमेलन १’ असे नाव न देता वर्ष, प्रसंग आणि कॅसेटचा क्रमांक लिहावा. पडद्यावरचे चेहरे ओळखणारी माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांची नावेही यादीत टिपून घ्यावीत. ते अंक फितीवर लिहिलेले नाहीत आणि कोणत्याही तारेतून येणार नाहीत. कॅसेट फेकून देऊ नयेत. आणि सुरुवात सर्वांत जुन्या किंवा ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही अशा कॅसेटपासून करावी. कॅमेरा मध्येच बंद पडला, तरी जे पुन्हा मिळणार नाही ते तोवर उतरलेले असेल.